कृष्णकमळाचा वेल आला कुठून

कृष्णकमळ लावलं की पहिलं वर्ष कौतुकात जातं आणि मग तक्रारी सुरू होतात, शेजारच्या झाडावर चढलं, भलतीकडेच जमिनीतून फुटवे आले, फुलं ढीगभर पण फळ एक नाही. मला मनापासून वाटतं की ह्या वेलाचं माहेर कळलं ना, की त्याचं वागणं पण कळतं.

कृष्णकमळाचं शास्त्रीय कुळनाम पॅसिफ्लोरा, त्याच्या ५०० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. उजेडासाठी दुसऱ्या झाडांवर चढायचं हीच त्यांची सवय, त्यामुळे तणावा (आधाराला पकडणारा वेलाचा दोऱ्यासारखा भाग) तारेला नुसता टेकला तरी काही तासांत स्प्रिंगसारखा गुंडाळतो. इन्कार्नाटा ही जात मात्र उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातली, थंडीत ती वरून पूर्ण सुकते पण मुळं जिवंत असतात, म्हणून मेला समजून वेल उपटायची घाई करू नका.

इंग्रजीत ह्याला पॅशन फ्लॉवर म्हणतात, त्या नावात पॅशन आहे ते आवड ह्या अर्थाने नाही, येशूने क्रूसावर सोसलेल्या यातना ह्या अर्थाने. स्पॅनिश धर्मप्रसारकांनी हे फूल पाहिलं आणि त्यांना त्यात सगळी कथाच दिसली. एक फूल हातात घेऊन बघा, मधली तंतूंची झालर म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच परागकोश म्हणजे जखमा, वरच्या तीन कुक्षी (पराग झेलणारी टोकं) म्हणजे खिळे, आणि तणावे म्हणजे चाबूक. १६१० च्या सुमारास रोममध्ये जाकोमो बोसियो ह्या इतिहासकाराने हे लिहून काढलं, पुढे १७५३ मध्ये लिनियस ह्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅसिफ्लोरा हे नाव पक्कं केलं.

मग युरोपातल्या काचघरांत हे वेल पोचले आणि १८१९ च्या सुमारास लाल रॅसिमोसा आणि निळी सेरुलिया ह्यांचा संकर झाला, व्हायोलेशिया. आज बागेत दिसणारे कितीतरी वेल असे संकरितच आहेत.

फळाचं म्हणाल तर बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या रोपाचा लागतो आणि तो आणायला भुंग्यासारखी मोठी माशी लागते. एकाच वेलाच्या दोन कटिंग्ज लावून उपयोग नाही कारण ते रोप एकच, बियांपासून केलेलं वेगळं रोप जवळ लावा आणि सकाळी ब्रशने पराग फिरवून बघा.

आणि हो, काही जातींच्या पानांवर पिवळे ठिपके असतात, अगदी फुलपाखराच्या अंड्यांसारखे. हेलिकोनियस फुलपाखरांच्या अळ्या हीच पानं खातात, आधीच अंडी आहेत असं वाटून मादी पुढे निघून जाते. तेव्हा ते ठिपके कीड समजून खरवडू नका.