कंपनशमन, घरगुती (ध्वनिसंचाचे)

रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर इत्यादी उपकरणांपर्यंत जमिनीतून, फळीतून किंवा हवेतून पोहोचणारी नको असलेली कंपने सहज मिळणाऱ्या साहित्याने कमी करण्याची रीत. यात दोन निराळी कामे येतात : कंपने उपकरणापर्यंत येऊच न देणे हे विलगीकरण आणि आलेल्या कंपनांची ऊर्जा रबर, कॉर्क, रेती अशा पदार्थांत उष्णतेच्या रूपाने जिरवणे हे शमन. घरचे प्रयोग फसतात ते बहुधा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे. स्पीकरखालचे टोकदार खिळे, उदाहरणार्थ, त्याला जमिनीपासून तोडत नाहीत, उलट पक्के जखडतात.

सर्वाधिक गरज रेकॉर्ड प्लेअरला असते. सुईच्या हालचालीपासून विद्युत संकेत तयार होतो आणि ती हालचाल तबकडीच्या खाचेने घडवली की टेबलाने, यात कार्ट्रिज (सुई बसवलेला, संकेत तयार करणारा भाग) भेद करू शकत नाही. स्पीकरचा खर्ज टेबलावाटे परत सुईला हलवू लागला की तोच पुन्हा वर्धित होऊन घुमू लागतो. व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्हमधील नाजूक जाळ्या थरथरून आवाज उमटू शकतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरखाली मात्र महागडे पाय बसवणे हा बव्हंशी हौसेचा भाग होय.

मऊ आधारावर ठेवलेल्या वस्तूला स्वतःची एक स्वाभाविक कंप्रता (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) असते. तिच्या सुमारे १.४ पटीपुढील कंपनेच रोखली जातात, तिच्या आसपासची उलट वाढतात. वजनाखाली आधार १ मिमी दबला तर ही कंप्रता सुमारे १६ हर्ट्‌झ आणि १० मिमी दबला तर सुमारे ५ हर्ट्‌झ येते. रबर कंपनांना अधिक ताठपणे विरोध करत असल्याने प्रत्यक्षात ती काहीशी जास्तच भरते. टोनआर्म (सुई धरणारी दांडी) व कार्ट्रिज यांचे अनुस्पंदन (ज्या कंप्रतेला ती सर्वाधिक डोलतात ती) साधारणपणे ८ ते १२ हर्ट्‌झमध्ये ठेवतात, म्हणून आधाराची कंप्रता त्या पट्ट्यात येऊ देऊ नये. हलक्या प्लेअरखाली जाड, कडक रबर ठेवून फारसे साधत नाही ते याच कारणाने.

सायकलची ट्यूब अर्धवट फुगवून तिच्यावर ग्रॅनाइटची किंवा कोटा फरशी आणि फरशीवर प्लेअर, ही स्वस्त आणि परिणामकारक रचना आहे. फरशीचे वजन कंप्रता खाली आणते. हवा इतकीच भरावी की फरशी बोटाने दाबल्यावर सावकाश डुलेल, पण ट्यूब कुठेही पूर्ण चेपणार नाही. नंतर तबकडीच्या जागी लेव्हल (पाणसळ) ठेवून पातळी तपासावी. उथळ लाकडी पेटीत कोरडी, चाळलेली रेती भरून तीत फरशी बसवल्यास शमन चांगले होते, विलगीकरण मात्र थोडेच.

नागपुरात या सर्वांची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. खिडकीच्या चौकटीला टेकलेल्या कूलरचा असंतुलित पंखा भिंत आणि जमीन दोन्ही हलवतो; तेव्हा प्लेअरखाली काही घालण्याआधी कूलर स्वतंत्र स्टँडवर घेऊन स्टँडच्या पायांखाली रबर द्यावे आणि पंख्याची पाती साफ करावीत, कारण कंपन उगमापाशीच तोडणे सर्वांत सोपे असते. महाल-इतवारीतील जुन्या वाड्यांच्या लाकडी माडीवर पावलागणिक सुई उडते. तेथे मऊ आधाराने हेलकावा वाढण्याचाच संभव अधिक, म्हणून जाड भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावावी. स्लॅबच्या घरात ही अडचण क्वचितच येते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की ट्यूबमधील दाब वाढतो आणि रबरही लवकर जुने होते, त्यामुळे ऋतू बदलताना हवा व पातळी पुन्हा जुळवावी लागते.

परिणाम तपासण्यासाठी न फिरणाऱ्या तबकडीवर सुई टेकवून, आवाज बेताने वाढवत फळीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून येणारा ठोका आधी आणि नंतर किती दबला, हे कानांनाच कळते. आवाज फार वाढवल्यास मात्र वूफरला (स्पीकरमधील खर्जाच्या भागाला) इजा होऊ शकते.