साउंड कार्डाचं रहाटगाडगं

“लिनक्स उत्तम आहे, पण आवाजाची बोंब असते.” लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी लगेच विचारतो: आवाज अजिबात येत नाही, की येतो पण मध्येच टक्-टक् होतं? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचं निदान बहुतेक वेळा पाच मिनिटांत होतं. दुसरा कळायला जरा खोलात उतरावं लागतं, आणि मला ते मनापासून आवडतं.

आधी पहिला उरकू. हल्लीच्या संगणकात साउंड कार्ड सहसा एकच नसतं. मदरबोर्डवर एक असतं, एचडीएमआय केबलमधून मॉनिटरकडे आवाज पाठवणारं दुसरं, आणि यूएसबी हेडसेट लावला की त्याचं तिसरं. कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, ‘अल्सा’ ही आवाजाची व्यवस्था त्यांना शून्यापासून क्रमांक देते, आणि ज्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) आधी जागा झाला त्याला आधीचा क्रमांक मिळतो. मग कधी एचडीएमआय शून्य क्रमांक पटकावतं आणि गाणं स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे निघून जातं. कार्ड ठणठणीत असतं, आवाजाचा पत्ताच चुकलेला असतो. म्हणून सेटिंगमध्ये क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव लिहावं. नाव बदलत नाही, क्रमांक बदलू शकतो.

दुसरी शक्यता म्हणजे वाहिनी बंद असणं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘अल्सामिक्सर’ उघडा, एफ6 दाबून खरं कार्ड निवडा आणि उभ्या पट्ट्यांच्या पायाशी बघा. तिथे ‘एमएम’ दिसलं तर ती वाहिनी मुकी आहे. एम दाबला की बोलकी होते. वाहिन्या सुरुवातीला बंद ठेवण्याची पद्धत अल्साने मुद्दाम ठेवली, म्हणजे कार्ड सुरू होताच कानठळ्या बसू नयेत.

आता दुसरा आजार. साउंड कार्डाला गाणं कळत नाही, आकडे कळतात. सेकंदाला 48,000 आकडे, डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळे. प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी स्पीकरचा पडदा किती पुढे-मागे असावा याचं माप. हे आकडे प्रोसेसर एकेक करून कार्डाच्या हातात देत नाही. तो ते मेमरीतल्या एका ठरलेल्या पट्ट्यात लिहून ठेवतो आणि कार्ड प्रोसेसरला न विचारता तिथून उचलतं. पट्टा संपला की दोघंही पुन्हा सुरुवातीला येतात, म्हणून त्याला गोल बफर म्हणायचं.

हे अगदी रहाटगाडगं आहे. एका बाजूला गाडगी भरतात, दुसऱ्या बाजूला रिकामी होतात आणि चाक फिरत राहतं. फरक इतकाच की हे चाक कुणासाठी थांबत नाही. कार्डावर क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि त्याच्या ठोक्यावर ते आकडे उचलतं. प्रोसेसर तेव्हा ब्राउझरच्या वीस टॅबमध्ये गुंतलाय की मोकळा आहे, याच्याशी कार्डाला देणंघेणं नाही.

पट्ट्याचे सारखे भाग पाडलेले असतात. एका भागाला आपण खेप म्हणू. खेप 1024 नमुन्यांची, म्हणजे प्रत्येक कानासाठी 1024 आकड्यांची, असेल तर ती 21.3 मिलिसेकंदांत वाजून संपते, आणि तेवढ्यात पुढची तयार हवी. ती वेळेवर भरली गेली नाही तर कार्डापुढे वाजवायला काहीच उरत नाही.

त्या क्षणी ‘टक्’ का ऐकू येतं? शाळेत साइन लाटेचा आलेख काढलेला आठवा. लाट माथ्यावर असताना पुढचा आकडाच आला नाही तर आलेख तिथून सरळ शून्यावर कोसळतो. असा कडा अनेक साइन लाटा एकत्र करून काढायचा म्हटलं तर खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळ्या कंप्रता लागतात, हे फूरिएचं गणित. म्हणून गाणं कुठलंही असो, तुटलेल्या जागी कानाला तोच कोरडा टक् ऐकू येतो.

मग खेप मोठीच का ठेवू नये? कारण आवाज तितका उशिरा येतो. 21.3 मिलिसेकंदांत हवेतून आवाज साधारण सात मीटर जातो. चित्रपट बघताना हे जाणवत नाही. पण मिडी कीबोर्डवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या वाद्याच्या पट्ट्यांवर, बोट दाबणाऱ्याला आपला सूर सात मीटरवरून आल्यासारखा वाटतो, आणि त्याचा ताल डळमळतो. खेप 64 नमुन्यांवर आणली तर जेमतेम 1.3 मिलिसेकंद मिळतात. 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात चाळीस लाख ठोके मिळतात, म्हणजे हिशेब करायला वेळ भरपूर आहे. अडचण असते ती वेळेवर जाग येण्याची. कर्नलने दुसरं काम हातावेगळं करेपर्यंत थांबवलं, तर गाडगं रिकामंच वर जातं. हे थांबणं मर्यादेत ठेवणारी रिअल-टाइम सोय सुमारे वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर वाढत होती. 2024 मध्ये 6.12 या आवृत्तीत ती आत आली.

गाडगी भरणारा हात एकच असावा लागतो, कारण बरीचशी कार्डं एका वेळी एकच प्रवाह घेतात. म्हणून अल्साच्या वर एक मध्यस्थ बसवतात. सगळ्या प्रोग्रॅमचे आकडे त्याच्याकडे येतात, तो त्यांची बेरीज करतो आणि चाकावर चढवतो. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने 2007 मध्ये हे काम पल्सऑडिओकडे दिलं आणि 2021 मध्ये विम टेमन्स यांच्या पाइपवायरकडे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. टक्-टक् झालं की लोक इंटरनेटवरून आज्ञा उचलून मंत्रासारख्या टाकतात, हे काढा, ते पुन्हा बसवा. आज्ञा काय करते हे न कळता ती देणं ही अंधश्रद्धाच आहे, आणि चालती व्यवस्था त्यापायी मोडते. तसाच 192 किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 1,92,000 नमुन्यांचा, गाजावाजा. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि त्यासाठी त्याच्या दुपटीहून थोडा जास्त, 44.1 किलोहर्ट्झ, दर पुरतो. उलट खेप 1024 चीच ठेवून दर 192 केला तर ती 5.3 मिलिसेकंदांतच संपते, म्हणजे तुटण्याची भीती वाढते.

त्यापेक्षा टर्मिनलमध्ये पाइपवायरचं ‘पीडब्ल्यू-टॉप’ उघडा. ‘क्वांट’च्या रकान्यात खेपेचा आकार दिसतो, ‘ईआरआर’मध्ये चुकांची मोजदाद. माझ्या जुन्या लॅपटॉपवर खेप 256 ठेवली तेव्हा ब्राउझर उघडताक्षणी तो आकडा 3 वरून 11 वर गेला, आणि प्रत्येक वाढीबरोबर हेडफोनमध्ये टक् आलं. 512 केल्यावर दोन तास गाणं चाललं, आणि आकडा 11 वरून हलला नाही.