जुना मोटार-रेडिओ : बाहेरून आवाज जोडणे

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डमधला रेडिओ न बदलता मोबाइल फोन, ब्लूटूथ किंवा दुसऱ्या एखाद्या आधुनिक साधनातले गाणे त्याच रेडिओच्या अँप्लिफायरमधून आणि स्पीकरमधून ऐकण्याची सोय करणे. या जोडणीला सर्रास ‘ऑक्स’ (‘ऑक्झिलरी’चे लघुरूप) म्हणतात. काम दिसायला किरकोळ आहे. दोन रेझिस्टन्स, एक-दोन कपॅसिटर, हातभर शिल्डेड वायर आणि एक सॉकेट एवढेच सामान लागते. पण ते नेमके कुठे जोडायचे हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगले रेडिओ कापले गेले, आतून रिकामे केले गेले किंवा भंगारात गेले.

गरज का पडली, ते आधी. रेडिओ ठणठणीत असतो, पण त्याला ऐकायला स्टेशन उरलेले नसते. जर्मनीतल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांनी मीडियम वेव्हवरचे प्रसारण २०१५ अखेर बंद केले. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम थांबवले आणि स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक वाहिन्यांनी २०२४ च्या अखेरीस. त्यामुळे तिकडच्या एखाद्या जुन्या मर्सिडीझमधला बेकर कंपनीचा किंवा फोक्सवॅगनमधला ब्लाउपुंक्टचा रेडिओ सुस्थितीत असूनही बराचसा मुका होतो. आपल्याकडे आकाशवाणीचे मीडियम वेव्ह चालू आहे, पण श्रोता एफएमकडे गेला. मुंबईत खासगी एफएम २००२ मध्ये आले, आणि ॲम्बॅसडर किंवा फियाटमधल्या जुन्या रेडिओला एफएमचा पट्टाच नसतो. शिवाय मोबाइल चार्जर, एलईडी दिवे आणि शहरभरची विजेची साधने मीडियम वेव्हमध्ये इतकी खरखर सोडतात की उरलेली स्टेशनेही नीट लागत नाहीत.

इतिहास : शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने मोटार-रेडिओ बाजारात आणला. पुढे तेच नाव कंपनीने घेतले. युरोपात ब्लाउपुंक्टचा ‘ऑटोसुपर’ १९३२ मध्ये आला, आणि याच कंपनीने १९५२ मध्ये मोटारीसाठी एफएम रेडिओ काढला. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी एकही व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी) नसलेला, सर्वस्वी ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला.

या इतिहासात एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. बाहेरचा आवाज मोटारीच्या रेडिओतून वाजवणे ही आजची कल्पना नाही. क्रायस्लरच्या १९५६ च्या गाड्यांत ‘हायवे हाय-फाय’ नावाचे तबकडी वाजवण्याचे यंत्र मिळत असे. डॅशबोर्डखाली बसवलेल्या या यंत्रावर मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या सात इंची रेकॉर्डी लावत, आणि त्यांचा आवाज गाडीच्या रेडिओतूनच येई. फिलिप्सचे ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डी गिळणारे छोटे यंत्रही रेडिओलाच जोडत. नंतरच्या अनेक युरोपीय रेडिओंच्या पाठीमागे टेप किंवा तबकडीच्या यंत्रासाठी गोल, अनेक पिनांचे ‘डिन’ सॉकेट असे. ज्याच्या रेडिओला असे सॉकेट आहे त्याचे काम कारखान्यानेच करून ठेवलेले असते. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी रेडिओची पाठ आरशात पाहावी. ‘मूळ रेडिओला हात लावणे म्हणजे पाप’ असे मानणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. बनवणाऱ्यांनीच ही वाट मोकळी ठेवली होती.

जोड कुठे द्यायचा : मोटार-रेडिओचे दोन भाग असतात. पहिला भाग ॲंटेनाकडून आलेल्या लहरींमधून हवे ते स्टेशन निवडतो आणि डिटेक्टरपाशी त्यातून आवाज वेगळा काढतो. दुसरा भाग तो आवाज मोठा करून स्पीकरला देतो. या दोन भागांच्या वेशीवर व्हॉल्यूम कंट्रोल उभा असतो. वेशीच्या अलीकडे रेडिओलहरी, पलीकडे निव्वळ आवाज. बाहेरचा पाहुणा याच वेशीतून आत घ्यायचा.

व्हॉल्यूम कंट्रोलला तीन पाय असतात. एक चासीला म्हणजे अर्थला, मधला सरकत्या पट्टीचा, तिसरा डिटेक्टरकडून आलेला. या तिसऱ्या पायाची तार सोडवून मध्ये एक सॉकेट घालतात. सॉकेट आतून स्विच असलेले निवडावे. पिन घातली की डिटेक्टरचा आवाज तुटतो आणि फोनचा आवाज आत येतो. पिन काढली की रेडिओ पूर्ववत. पुढचे बटण दोन्ही वेळा आवाज कमीजास्त करते. चेहऱ्यावर भोक नाही, डायलला धक्का नाही, आणि उद्या कोणाला नको असेल तर एक तार परत जागेवर डाखली की झाले.

फोनमधून आवाज दोन वाटांनी येतो, डावा आणि उजवा. रेडिओला स्पीकर एक. दोन्ही तारा सरळ एकत्र पिळल्या तर फोनचे दोन अँप्लिफायर एकमेकांवर चढतात. म्हणून प्रत्येक तारेत एक ते पाच हजार ओहमचा रेझिस्टन्स घालून मग त्यांना एकत्र आणतात. त्यापुढे कपॅसिटर हवाच, कारण अनेक सेटमध्ये व्हॉल्यूम कंट्रोलच्या त्या पायावर डिटेक्टरचे किंवा पुढच्या ट्रान्झिस्टरचे डीसी व्होल्टेज असते आणि ते फोनकडे जाता कामा नये. व्हॉल्व्हच्या रेडिओत कंट्रोल पाच लाख ते दहा लाख ओहमचा असतो, तिथे ०.१ मायक्रोफॅरड पुरतो. ट्रान्झिस्टरच्या रेडिओत तोच कंट्रोल दहा हजार ओहमच्या आसपास असेल तर १ ते १० मायक्रोफॅरड लागतो. नाहीतर खर्जाचा आवाज गळून पडतो. कधी मुद्दाम लहान कपॅसिटर घालणेही शहाणपणाचे असते. स्पीकरचा पन्नास-साठ वर्षांचा कागदी कोन आजच्या गाण्यातला ढोल सोसत नाही, फडफडतो. खालचे सूर थोडे छाटले की तोच स्पीकर स्वच्छ बोलतो.

असा जोड दिल्यावर पहिल्यांदा गाणे लावणाऱ्याला नवल वाटते, कारण आवाज रेडिओ स्टेशनपेक्षा मोकळा येतो. मीडियम वेव्हचे स्टेशन निवडताना रेडिओचे फिल्टर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर कापून टाकतात. ऑक्स या फिल्टरांच्या पुढे शिरतो, म्हणून त्याला ती कात्री लागत नाही. स्पीकर आणि आउटपुट व्हॉल्व्ह यांच्यात जी गोडी आहे ती तशीच राहते. माझ्या मते मूळ रेडिओ जपायचा तो याच आवाजासाठी. नुसता चेहरा जपून काय उपयोग?

अर्थचा घोळ : नुकसान सर्वांत जास्त इथे होते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणि १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये बॅटरीचा धन टोक चासीला जोडलेला असे. आजची सगळी साधने ऋण टोक अर्थला आहे असे धरून चालतात. अशा गाडीत फोनची ऑक्स वायर रेडिओला लावली की फोनच्या आवाजाची अर्थ-तार चासीमार्फत बॅटरीच्या धन टोकाला पोचते. त्याच वेळी फोन गाडीतल्याच चार्जरवर असेल तर त्याचा ऋण बॅटरीच्या ऋणाला. म्हणजे पूर्ण बॅटरी एका बारीक वायरीतून शॉर्ट. फोन जातो, वायर पेटू शकते. उपाय दोन आहेत. फोन स्वतःच्या बॅटरीवरच चालवावा, किंवा ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर अशा कन्व्हर्टरवर चालवावा ज्याच्या आत-बाहेरच्या बाजू विजेने एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत. सहा व्होल्टच्या गाडीतही असा कन्व्हर्टर लागू शकतो. तो घेताना तो सहा व्होल्टवर चालतो की नाही हे पाहून घ्यावे, कारण दुकानातले बहुतेक बारासाठी असतात.

अर्थ बरोबर असूनही इंजिनच्या वेगाबरोबर वर चढणारी शिट्टी ऐकू आली तर ती डायनॅमो किंवा अल्टरनेटरची असते आणि चार्जरमार्फत आत शिरलेली असते. आवाजाच्या वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की ती बहुधा जाते.

आधी रेडिओ बरा हवा : ऑक्स रेडिओच्या दुसऱ्या, आवाज मोठा करणाऱ्या भागावर उभा असतो. तो भागच आजारी असेल तर जोड देऊन उपयोग नाही. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टचे दोनशेहून अधिक व्होल्ट करायला व्हायब्रेटर असतो. त्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरते आणि ट्रान्सफॉर्मरला तुटक वीज देते. गाडी सुरू न करताही डॅशबोर्डमधून येणारी ती बारीक गुणगुण याचीच. ट्रान्सफॉर्मरवरचा बफर कपॅसिटर म्हातारा झाला की व्हायब्रेटरचे टोक जळतात आणि मग ट्रान्सफॉर्मरही जातो. म्हणून तो, कागदी कपॅसिटर आणि सुकलेले इलेक्ट्रोलिटिक हे सगळे आधी बदलावे. या दोनशे व्होल्टचा झटका माणसालाही बसतो. सेट बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतात.

त्यानंतरच्या, १९५० च्या दशकाच्या अखेरच्या रेडिओंत बारा व्होल्टवरच चालणारे व्हॉल्व्ह आणि आउटपुटला एक दणकट जर्मेनियम ट्रान्झिस्टर असे. त्यांना स्पीकर न जोडता चालू करू नये. स्पीकर बदलायचा झाल्यास मूळचा किती ओहमचा होता ते पाहावे. अमेरिकी डेल्कोच्या कित्येक सेटना दहा ओहमचा लागतो, आणि तिथे आजचा चार ओहमचा लावला तर ट्रान्झिस्टरवर नको तेवढा ताण येतो.

इतर मार्ग : एफएम मॉड्युलेटर फोनचा आवाज एफएमच्या रिकाम्या जागी सोडतो. मूळ रेडिओला एफएम असेल तरच उपयोगी, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरात रिकामी जागा शोधताना दमछाक होते. मीडियम वेव्हचा मॉड्युलेटर ॲंटेनाच्या वाटेने आवाज घालतो. रेडिओ उघडावाच लागत नाही, पण वर सांगितलेली कात्री कायम राहते. कॅसेट असलेल्या गाड्यांना कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर चालतो. चौथा मार्ग म्हणजे रेडिओचे पोट रिकामे करून त्यात नवा सर्किट बोर्ड बसवणे. काच, बटणे, काटा सारे जुने. आवाज चार स्पीकरचा आणि नवा. ज्या सेटचे आतले काही वाचण्यासारखे नाही त्याच्यापुरता हा मार्ग ठीक आहे. चालता सेट असा रिकामा करणे मला पटत नाही. काढलेले भाग डब्यात जपून ठेवले तरी पुढच्या मालकाकडे तो डबा क्वचितच पोचतो.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक झालेल्या, व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी त्यात अट आहे. रेडिओचे काय करायचे हा निर्णय मालकावरच राहतो. आपल्याकडे रेडिओ बहुधा गाडीबरोबर न येता बाजारातून घेऊन बसवलेला असे, त्यामुळे ‘मूळ’ म्हणजे त्या काळचा इतकाच अर्थ घ्यावा लागतो. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. व्हॉल्व्हचा सेट उघडायला न घाबरणारा मेकॅनिक मिळणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत आहे. ज्याला असा माणूस सापडेल त्याने त्याच्याकडून जोडणीचा हातानेच काढलेला नकाशा घ्यावा आणि तो घडी करून रेडिओच्या झाकणाखाली चिकटवून ठेवावा.