समुद्राकाठचा मठवासी

‘समुद्राकाठचा मठवासी’ हे जर्मन चित्रकार कास्पर डाव्हिड फ्रीड्रिख (१७७४–१८४०) याचे तैलचित्र स्वच्छंदतावादी निसर्गचित्रणातील सर्वांत धाडसी कृती मानले जाते. ते १८०८ ते १८१० या काळात ड्रेस्डेन येथे रंगवले गेले. ११० सेंमी. उंच आणि सुमारे १७१ सेंमी. रुंद असलेले हे चित्र आज बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरी या कलासंग्रहालयात आहे.

चित्रात पाहण्याजोगे फार थोडे आहे, आणि तीच त्याची ताकद आहे. तळाशी फिकट वाळूचा उतरता पट्टा, त्यापलीकडे जवळजवळ काळा समुद्र आणि वर तीन-चतुर्थांशाहून अधिक कॅनव्हास व्यापणारे आकाश. वाळूवर मध्यापासून डावीकडे, गडद झगा घातलेला एक मठवासी आपल्याकडे पाठ करून उभा आहे. बोटाच्या पेराएवढी वाटणारी ही आकृती सोडली, तर चित्रात ठळक अशी एकही उभी रेषा नाही. तोवरच्या निसर्गचित्रांत दोन्ही बाजूंना झाडे किंवा कडे योजून नजर टप्प्याटप्प्याने दूरवर नेण्याची रीत होती. येथे नजरेला असा कोणताही आधार मिळत नाही. समुद्र आणि आकाश चित्राच्या कडांबाहेर पसरत गेल्यासारखे वाटतात.

हे रितेपण विचारपूर्वक आणलेले आहे. अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत फ्रीड्रिखने समुद्रावर आधी जहाजे रेखाटली होती आणि नंतर ती काढून टाकली, असे दिसून आले. जहाज असते तर अंतराचा अंदाज बांधता आला असता आणि माणसाच्या येण्याजाण्याची एक गोष्टही मनात सुरू झाली असती. ती काढल्यामुळे मठवाशासमोर केवळ अफाटपणा उरला.

अफाटपणाच्या या अनुभवाची तात्त्विक मांडणी आधीच झालेली होती. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क याने १७५७ मध्ये सुंदर आणि उदात्त यांत भेद करून उदात्ताचे मूळ भयात शोधले; मात्र संकट सुरक्षित अंतरावर असले, तरच ते भय सुखद ठरते. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७९० मध्ये त्याला वेगळे वळण दिले. अफाट आकारापुढे कल्पनाशक्ती थिटी पडते, तेव्हाच अनंताचा विचार करू शकणाऱ्या आपल्या बुद्धीची जाणीव होते, असे त्याचे म्हणणे होते. मराठीत ‘उदात्त’ म्हटले की थोर विचार किंवा उच्च आचरण आठवते. त्या शब्दात हे भय उतरत नाही, म्हणून येथे ‘भव्योदात्त’ ही संज्ञा अधिक जवळची वाटते. फ्रीड्रिखने मात्र भय दाखवण्यासाठी वादळ किंवा जहाजफुटी योजली नाही. त्याचा समुद्र खवळलेला नाही. काळ्या पाण्यावर लाटांचे काही पांढरे फटकारे तेवढे आहेत.

‘ओकवनातील मठ’ या जोडचित्रासह हे चित्र १८१० मध्ये बर्लिनच्या कला अकादमीत प्रदर्शित झाले आणि प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने दोन्ही चित्रे विकत घेतली. त्याच वर्षी लेखक हाइनरिख फोन क्लाइस्ट याने लिहिले, की हे चित्र पाहताना आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारखे वाटते. पापणी मिटून सुटका करून घेण्याची सोय हे चित्र ठेवत नाही, हे त्याने अचूक हेरले होते. मठवाशाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दिसते ते तो पाहत असलेले आकाश.