नवरा न्यू जर्सीत, बायको कोथरूडला: घटस्फोटाचा अर्ज कुठे करायचा, यामागचा इतिहास

कोथरूड, बाणेर, पिंपळे सौदागर, कुठल्याही मोठ्या सोसायटीत विचारा, ओळखीत एखादी तरी अशी केस निघतेच. लग्न पुण्यात, संसार न्यू जर्सीत, मग खटके उडाले, मुलगी माहेरी आली, आणि एक दिवस कुरियरने जाडजूड पाकीट येतं, तिकडच्या कोर्टाचं, ३५ दिवसांत उत्तर द्या म्हणून. घरात लगेच सुरू होतं, तिकडे वकील करायचा की इकडे शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात आपणच आधी केस टाकायची? आधी कोण टाकतं यालाच सगळे महत्त्व देतात, पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळाय, तिकडचा निकाल इकडे चालणार का. आणि त्याचं उत्तर असं का आहे ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

ब्रिटिश कायद्यात घटस्फोटासाठी निकष एकच होता, नवऱ्याचं डोमिसाईल, म्हणजे त्याचं कायमचं घर ज्या देशात मानलं जातं तो देश. १८९५ मध्ये सिलोनहून आलेल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या अपिलांच्या शेवटच्या कोर्टाने, हे पक्कं केलं. लग्न झालं की बायकोचं डोमिसाईल आपोआप नवऱ्याचं, ती प्रत्यक्षात कुठे राहते याला काही किंमतच नाही. मग १९२१ मध्ये लंडनच्या कोर्टाने सांगितलं की इंग्लंडचं डोमिसाईल असलेल्या लोकांना हिंदुस्थानातल्या कोर्टांनी दिलेले घटस्फोट वैध नाहीत, आणि एकच गोंधळ उडाला, कारण त्यातल्या कितीतरी जणांची दुसरी लग्नं झालेली. पार्लमेंटने त्याच वर्षी आधीचे घटस्फोट वैध करणारा कायदा केला, १९२६ मध्ये पुढची सोय केली. साहेबांच्या घरातला प्रश्न पाच वर्षांत मिटला. बायकोला तिचं स्वतःचं डोमिसाईल मिळायला मात्र खुद्द इंग्लंडमध्येही १९७३ चा कायदा यावा लागला.

आपल्याकडे हिंदूंना देशभर घटस्फोटाची सोय झाली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने (मुंबई प्रांतात १९४७ मध्येच झाली होती). त्यातलं कलम १९ म्हणजे अर्ज कुठे करायचा ते. मूळ कलमात फक्त लग्न झालं ते ठिकाण, किंवा दोघं एकत्र राहतात वा शेवटचे राहिले ते ठिकाण. समजा लग्न नागपूरला, संसार परदेशात आणि बाई आता पुण्यात माहेरी, तर पुण्याच्या कोर्टात तिला जागाच नाही. १९७६ मध्ये दुरुस्ती झाली, समोरचा माणूस भारताबाहेर असेल तर अर्जदार जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो. २००३ मध्ये आणखी एक, बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथलं कोर्ट, नवरा कुठेही असो. म्हणजे ती राहते ती जागा कायद्याने पूर्णपणे मोजायला ४८ वर्षं गेली!

परदेशी निकालांची गोष्ट याला समांतर चाललेली. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ सांगतं परदेशी निकाल कधी मानायचा नाही ते, पण घटस्फोटात ते कसं लावायचं हे सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये सत्या विरुद्ध तेजासिंग या खटल्यात दाखवलं. नवरा शिकायला अमेरिकेत गेला, बायको आणि दोन मुलं जालंधरला, आणि त्याने नेवाडातून घटस्फोट मिळवला. नेवाडात सहा आठवडे राहिलं की अर्ज करता यायचा, त्यामुळे अमेरिकाभरचे लोक त्यासाठी तिथे जायचे. निकाल लिहिला न्या. यशवंत चंद्रचूड यांनी, जन्म पुण्याचा, शाळा नूतन मराठी विद्यालय, वकिली शिकले लॉ कॉलेज रोडच्या आयएलएसमध्ये. त्यांनी म्हटलं की नेवाडाचा रहिवासी असल्याचं खोटं सांगून हा हुकूम घेतलाय, इथे चालणार नाही, हे लग्न नेवाडात मोडलेलं आणि भारतात टिकलेलं असं लंगडतच राहणार.

दुसरा मोठा निकाल जुलै १९९१ चा, नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी, लिहिणारे न्या. पी. बी. सावंत, निवृत्तीनंतर पुण्यातच स्थायिक झालेले. तिरुपतीला झालेलं लग्न, मिसुरीच्या कोर्टाने मोडलं, कारण काय तर नातं दुरुस्त होण्यापलीकडे गेलंय. हे कारण हिंदू विवाह कायद्यात तेव्हाही नव्हतं, आजही नाही (२०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम १४२ खाली या कारणावर घटस्फोट देता येईल म्हटलं, पण तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा). सावंतांनी नियमच घालून दिला, ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्याने अधिकार दिलेलं कोर्ट आणि त्याच कायद्यातलं कारण पाहिजे. सूट तीनच. समोरचा माणूस कायमचा तिकडेच राहत असेल आणि कारण आपल्या कायद्यातलं असेल, किंवा तो आपणहून तिथे हजर राहून आपल्या कायद्यातल्या कारणावर खरोखर लढला असेल, किंवा त्याने घटस्फोटाला संमती दिली असेल. आणि हे फार कामाचं, फक्त 'या कोर्टाला अधिकार नाही' एवढं सांगायला उत्तर दिलं तर ती केस लढणं धरत नाहीत.

म्हणूनच दोघांची संमती असेल तर तिकडचा घटस्फोट इकडेही चालतो, पण बायको इथे असताना तिच्या माघारी मिळवलेला एकतर्फी कागद बहुतेक वेळा चालत नाही, आणि त्या भरवशावर इथे दुसरं लग्न केलं तर द्विभार्येचा गुन्हा लागू शकतो. उलट बाजूही खरी आहे, पुण्यातला हुकूम अमेरिकेत बँक खातं किंवा घर आपोआप मिळवून देत नाही, तिथली मालमत्ता मोठी असेल तर तिकडचं पाकीट कपाटात टाकून देणं महागात पडतं, नीट वकिलाला दाखवायलाच हवं.

मुलांच्या ताब्याचं तर अजून अवघड. १९८० च्या हेग बालअपहरण करारात (एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) भारत नाही, परदेशी घटस्फोट मान्य करण्याच्या १९७० च्या करारातही नाही. समन्स बजावण्याच्या करारात आपण २००६ मध्ये सामील झालो, तरी पुण्याहून निघालेलं समन्स तिकडे पोचायला महिने लागू शकतात. विधी आयोगाने परदेशी घटस्फोटांवर १९७६ मध्येच अहवाल दिलेला, २००९ मध्ये एनआरआय लग्नांवर दिला, २०२४ मध्ये पुन्हा २८७ वा अहवाल देऊन सर्वंकष केंद्रीय कायदा करा म्हणून सांगितलं. तोवर फॅमिली कोर्टात परदेशी हुकूम समोर आला की वकील १९९१ चाच निकाल काढतात.