स्थलांतरितांचं मन आणि सरकारी दवाखाना: नाशिकची पार्श्वभूमी

घरापासून तुटलेली माणसं नाशिकला नवी नाहीत. ब्रिटिश काळात देवळालीची छावणी हा मायदेशी निघालेल्या गोऱ्या सैनिकांचा थांबा होता. नोकरीची मुदत संपली तरी बोटी हिवाळी हंगामातच सुटत. मधले महिने रिकामे बसून कित्येकांचं डोकं फिरायचं. फाळणीनंतर त्याच देवळालीत सिंधी निर्वासित आले. त्यांना निवारा आणि शिधा मिळाला. पण मनाच्या जखमेसाठी जायचं कुठे? तेव्हा देशभरात मनोविकारतज्ज्ञ मूठभर, आणि मनाचा उपचार म्हणजे वेड्यांचं इस्पितळ.

हे उपचार साध्या दवाखान्यात नेण्याचे प्रयोग 1975 च्या सुमारास हरियाणात रायपूर राणीला आणि बंगळूरजवळ सकलवाड्याला झाले. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, 1996 मध्ये जिल्हा कार्यक्रम. प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला प्रशिक्षण द्यायचं आणि औषध तिथेच ठेवायचं, अशी ही रचना. पण तिने रुग्ण एका जागी राहणारा धरला.

नाशिकचा मजूर तसा नाही. सुरगाणा-पेठच्या टोळ्या छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात, काम संपलं की निघतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारची पोरं. आशाताईची यादी गावातल्या घरांची. बागेतल्या झोपडीत कोण आलं, कोण गेलं, ते मुकादमालाच ठाऊक. दवाखान्यात आलाच तर मजूर झोप लागत नाही, डोकं दुखतं, छातीत धडधडतं एवढंच सांगतो. मागे लांब रांग असते. डॉक्टर वेदनाशामक लिहून देतात.

2020 च्या कोरोना टाळेबंदीत मात्र डोळेझाक करणं अवघड झालं. मुंबईहून पायी निघालेले लोंढे नाशिकच्या रस्त्यांवर दिसले. मजुरांची भीती समजून घ्या, निवाऱ्यांत समुपदेशक पाठवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 मार्चला बजावलं. 1 मेच्या रात्री नाशिक रोडहून भोपाळला श्रमिक गाडी सुटली. निवारे रिकामे झाले तसं समुपदेशनही मागे पडलं, आणि मला खरा दोष तिथेच दिसतो: संकट संपलं की मनही बरं झालं असं गृहीत धरलं गेलं.

ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे. फोनवर बोलणं झालं तरी गोळ्यांचा प्रश्न राहतो. नैराश्याच्या औषधाचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ते काही महिने घ्यावं लागतं. तोवर टोळीने तालुका बदललेला असतो. क्षयरोगी दुसरीकडे गेला तर त्याची नोंद नव्या केंद्राकडे वर्ग करण्याची सोय सरकारने केली आहे. या रुग्णांनाही तीच लावता येईल.