४,२९,४९,६७,२९७ : फर्माचं अनुमान मोडणारी संख्या

२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या मिळते. फ्रेंच गणिती पिएर द फर्माने १६४०मध्ये मांडलेलं अनुमान इथेच मोडलं. २ चे १, २, ४, ८, १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात. पाचही मूळ संख्या. पुढच्याही मूळच असतील असं फर्माला वाटे, पण सिद्धता आपल्याजवळ नाही हे त्याने पत्रात कबूल केलं होतं.

ही संख्या फसवी आहे. फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार संख्या मूळ असेल, तर २ च्या 'त्या संख्येहून एक कमी' इतक्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ उरते. इथेही १ उरते, कारण या साच्याच्या प्रत्येक संख्येला ती उरतेच! म्हणून पाया २ नको, ३ घ्यावा. ३ चा वर्ग करायचा, भागून बाकी ठेवायची, तिचा पुन्हा वर्ग; असं ३२ वेळा केल्यावर बाकी १ येत नाही. म्हणजे संख्या संयुक्त आहे, पण अवयव कोणते हे यातून कळत नाही.

१७२९मध्ये गणिती गोल्डबाखने पत्रातून स्विस गणिती ऑयलरचं लक्ष या अनुमानाकडे वेधलं आणि १७३२मध्ये ऑयलरने ६४१ हा विभाजक दाखवला. वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित वर, तिथवर मूळ संख्या ६,५४२. क्रमाने भागत गेलं तरी ६४१ चा नंबर ११६वा. ऑयलरने पुढे सिद्ध केलं की विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच हवा. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. फ्रेंच गणिती लूकाने १८७८मध्ये ६४ ऐवजी १२८ केले. आता फक्त २५७ आणि ६४१.

ताळा हातानेच करून पाहावा. ६४१ × ६७,००,००० = ४,२९,४७,००,०००; ६४१ × ४१७ = २,६७,२९७; बेरीज बरोबर सुरुवातीचा आकडा. गुणाकाराशिवायचा पुरावा तर फार देखणा आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे १ मिळवला की पूर्ण भाग जातो); चौथा घात घेतला की ६२५ × २ चा २८वा घात, बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवा: २ च्या ३२व्या घाताची बाकी −१. झालं.

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का? वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, आणि त्याचा विभाजक मोठ्या संख्येचाही विभाजक, म्हणून १२८ च्या पटीत १ मिळवून येणाराच हवा. तिथवर अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे मूळ.

प्रोग्रॅममध्ये पडताळताना ३२ बिटांचा चिन्हविरहित पूर्णांक घेऊ नये. त्यात ही संख्या मावत नाही, ती गुंडाळून १ होते. ६४ बिटांचा चिन्हविरहित पूर्णांक मात्र पुरतो; ३ च्या कसोटीत वर्ग करतानाही तो ओलांडला जात नाही.